मेडिटेरेनियन पास्ता सॅलड घरी करताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मेडिटेरेनियन पास्ता सॅलड दिसायला एकदम सोपं. उकडलेला पास्ता, चिरलेल्या भाज्या, वरून तेल-व्हिनेगर, झालं. पण घरी केलं की बऱ्याच जणांचं एकतर पाणचट होतं नाहीतर कोरडं ठक्क, आणि मग लोक म्हणतात की हॉटेलसारखी चव येतच नाही. कारणं दोनच आहेत, भाज्यांचं पाणी आधी काढलेलं नसतं आणि थंड पदार्थाला मीठ आणि आंबट जरा जास्तच लागतं हे लक्षात घेतलेलं नसतं. खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून याच दोन गोष्टींवर येतात.

हे सॅलड नक्की कुठलं? इटालियन की ग्रीक?

दोन्हीचं मिळून झालंय. इटलीत उन्हाळ्यात ‘इन्सालाता दि पास्ता’ करतात, म्हणजे थंड पास्ता, त्यात चेरी टोमॅटो, मोझरेला, ऑलिव्ह, बऱ्याचदा ट्यूना. बीचवर जाताना डब्यात भरून न्यायचा हा पदार्थ, १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तोचा सण असतो तेव्हा तर हमखास. तिकडे ड्रेसिंग म्हणजे मुख्यतः चांगलं ऑलिव्ह ऑइल, आंबटपणा कमीच. ग्रीसमध्ये ‘होरियातिकी’ म्हणजे गावाकडचं सॅलड असतं, टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्ह, फेटा नावाचं खारट चीज आणि ओरेगॅनो, त्यात पास्ता बिस्ता काही नसतो. ही ग्रीक भाजी आणि इटालियन पास्ता एका बोलमध्ये आणायचं काम बरंचसं अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत झालं आणि तेच आता मेडिटेरेनियन नावाने सगळीकडे मिळतं. त्यामुळे ओरिजिनल कुठलं यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मेडिटेरेनियन डाएट म्हणून ज्याचं एवढं कौतुक होतं, ज्याचा अभ्यास अमेरिकन शास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांत केला आणि ज्याला युनेस्कोने २०१० मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पास्ता हा काही हिरो नाहीये. भाज्या, कडधान्यं, फळं, ऑलिव्ह ऑइल, मासे हे सगळं पुढे आणि बाकीचं मागे. म्हणून सॅलड करताना पास्ता जेवढा दिसेल तेवढ्याच किंवा त्याहून जास्त भाज्या दिसल्या पाहिजेत. पाऊण बोल पास्ता आणि वर चार टोमॅटो टाकले तर तो थंड पास्ता झाला, सॅलड नाही.

चार जणांचं प्रमाण सांगा ना, अंदाजपंचे नको.

जेवण म्हणून खायचं असेल तर पास्ता २५० ग्रॅम, एक मध्यम काकडी, टोमॅटो पाव किलो, एक मोठी लाल किंवा पिवळी ढोबळी मिरची, अर्धा लहान कांदा, शिजवलेले काबुली चणे एक वाटी, ऑलिव्ह पंधरा-वीस, फेटा १०० ते १२५ ग्रॅम आणि पार्सली, बेसिल, पुदिना यापैकी जे मिळेल ते मूठभर. ड्रेसिंगला ऑलिव्ह ऑइल ६ मोठे चमचे, आंबट ३ मोठे चमचे, ते कसं करायचं ते खाली सविस्तर आहे. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा मेजरिंग चमचा, घरातल्या वाढायच्या चमच्याने मोजू नका, दोन घरांतले चमचे कधी सारखे नसतात.

कुठला पास्ता घ्यायचा? दुकानात २० प्रकार असतात.

आधी आकार न बघता पाकिटामागे काय लिहिलंय ते बघा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं असेल तरच घ्या. मैद्याचा पास्ता गरम सॉसमध्ये एकवेळ चालून जातो, सॅलडमध्ये मात्र तासाभरात त्याचा लगदा होतो. ड्युरम हा कडक दाण्याचा, पिवळसर गहू, त्यात प्रोटीन जास्त म्हणून शिजल्यावरही आकार धरून राहतो. इटलीत तर १९६७ पासून कायदाच आहे की तिथे विकायला बनवलेला सुका पास्ता ड्युरमचाच पाहिजे. आणि हा गहू आपल्याला परका नाही, आपला बन्सी गहू म्हणजे ड्युरमच, शेवयांना आणि बन्सी रव्याला लागतो तो. शेवया मोडत नाहीत, चिकट होत नाहीत त्याचं कारण तेच.

आकार म्हणाल तर ज्याच्या खाचांमध्ये ड्रेसिंग अडकेल तो. फुसिली म्हणजे स्क्रूसारखा पीळवाला सगळ्यात बेस्ट, फारफाले म्हणजे बो-टायवाला दिसतो छान पण त्याचा मधला चिमटा उशिरा शिजतो तेवढं लक्षात ठेवा. पेन्ने चालतो. स्पगेटी नको, थंड झाली की गुंता होतो आणि भाज्या सगळ्या तळाला जातात.

पास्ता किती शिजवायचा? सगळीकडे अल देन्ते लिहितात.

अल देन्ते म्हणजे शिजलेला, पण चावताना मध्ये किंचित कडक. गरम पास्त्याला ते बरोबर आहे. पण सॅलडसाठी एक मिनिट जास्त शिजवा, आणि हे ऐकून कोणी नाक मुरडलं तरी शिजवाच. पास्ता गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, उरलेला भात फ्रिजमध्ये कडक होतो ना तेच इथे होतं. त्यामुळे गरम असताना परफेक्ट लागणारा पास्ता फ्रिजमधून काढल्यावर चिवट लागतो.

१०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ हे इटालियन माप आहे. म्हणजे आपल्या २५० ग्रॅमला अडीच लिटर पाणी आणि मीठ साधारण दीड मोठा चमचा. मीठ बघून घाबरायला होतं पण त्यातलं बहुतेक पाण्याबरोबर सिंकमध्ये जातं. पास्त्याच्या आत मीठ शिरायची ही एकच वेळ असते, नंतर वरून कितीही भुरभुरवलं तरी ते वरवरच राहतं. पाण्यात तेल घालायची गरज नाही, सुरुवातीची दोन मिनिटं ढवळलं की चिकटत नाही.

झालाय का ते बघायला पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा काढा, मधोमध चावा आणि तुटलेली बाजू उजेडात धरून बघा. मध्ये पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका टाचणीच्या टोकाएवढा राहिला की अल देन्ते, तो पूर्ण गेला आणि वर एक मिनिट झालं की सॅलडचा पास्ता तयार. घड्याळापेक्षा ही टेस्ट भरवशाची कारण प्रत्येक ब्रँडची वेळ वेगळी, आणि आपल्या गॅसची आचही.

मग लगेच गार पाण्याखाली धरायचा का?

यावर दोन तट आहेत. धुतल्याने शिजणं थांबतं आणि वरचा चिकट स्टार्च निघून जातो, सॅलडला तो नकोच असतो, हे खरं. पण धुताना वरचं मीठही जातं आणि चाळणीत नीट निथळला नाही तर प्रत्येक पिळात पाणी अडकून राहतं, आणि मग ते पाणी ड्रेसिंगमध्ये उतरतं.

मला परातीची पद्धत आवडते. पास्ता चाळणीत ओतून चांगला हलवून निथळायचा, मोठ्या परातीत पसरायचा, एक चमचा ऑलिव्ह ऑइल घालून हाताने किंवा उलथन्याने वरखाली करायचा आणि पंख्याखाली दहा मिनिटं ठेवायचा. वाफ निघून जाते, वरून कोरडा होतो आणि आत अजून कोमट असतो, नेमका ड्रेसिंग पिण्याच्या अवस्थेत. घाई असेल किंवा पास्ता जरा जास्तच शिजला असेल तर बिनधास्त धुवा, फक्त नंतर स्वच्छ कापडावर पसरून कोरडा करा.

ड्रेसिंग कसं करायचं? माझं नेहमी तेलकट लागतं.

तेलकट लागतं म्हणजे आंबट कमी पडतंय, तेल जास्त झालंय असं नाही. पानांच्या सॅलडला तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर हे जुनं प्रमाण आहे, ते पास्त्याला पुरत नाही कारण पास्ता स्वतः एकदम फिका आणि सगळं शोषून घेणारा. इथे दोनास एक ठेवा.

एका झाकणाच्या बरणीत आधी २ चमचे रेड वाइन व्हिनेगर आणि १ चमचा लिंबाचा रस घ्या (मोठे चमचे), त्यात एक लसणाची पाकळी बारीक किसून, पाऊण छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा सुका ओरेगॅनो तळहातावर चोळून घाला. आता दहा मिनिटं काही करू नका. मीठ तेलात विरघळत नाही, आंबटात विरघळतं, कच्च्या लसणाचा उग्रपणा व्हिनेगरमध्ये मऊ होतो आणि सुका ओरेगॅनो भिजून जागा होतो, सगळं एकदम बरणीत टाकून हलवलं तर यातलं काहीच नीट होत नाही. मग एक छोटा चमचा डिजॉन मस्टर्ड (फ्रेंच पद्धतीची मोहरीची पेस्ट), अर्धा चमचा मध, मिरपूड आणि शेवटी ६ मोठे चमचे तेल, झाकण लावून दाट होईपर्यंत जोरात हलवा. मस्टर्डमुळे तेल आणि व्हिनेगर लगेच वेगळं होत नाही. डिजॉन नसेल तर बंगाली कासुंदी चालते पण ती झणझणीत असते म्हणून निम्मीच.

चव चमच्याने नका बघू, पास्त्याचा एक तुकडा बुडवून खाऊन बघा. नुसतं चाखल्यावर जरा जास्तच खारट-आंबट लागलं पाहिजे, तर ते सॅलडमध्ये बरोबर लागेल.

आणि सगळं एकदम ओतायचं नाही. दोन तृतीयांश ड्रेसिंग पास्ता कोमट असताना घालून ठेवायचं, ते आत शिरतं, आणि उरलेलं वाढायच्या आधी. एवढ्या एका सवयीने सॅलडमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

रेड वाइन व्हिनेगर नाही मिळालं तर?

ॲपल सायडर व्हिनेगर घ्या, किंवा सगळं लिंबू. लिंबाचा वास मात्र दुसऱ्या दिवशी उतरतो म्हणून लिंबू असेल तर थोडं ऐनवेळी पिळा. चायनीजवर घालतो ते स्वस्त पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नको, त्याला नुसता झटका असतो, चव नसते.

ऑलिव्ह ऑइल एवढं महाग आहे, शेंगदाणा तेल नाही का चालणार?

घाण्याचं शेंगदाणा तेल मला फार आवडतं, चटणीवर, भाकरीबरोबर, पण इथे नाही. त्याचा वास एवढा ठळक आहे की सॅलड लगेच शेंगदाण्याचं होऊन जातं. या पदार्थात एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते ऑलिव्ह ऑइलवर करा, फेटाला पर्याय आहे, ऑलिव्हला आहे, बेसिलला आहे, पण तेल इथे कच्चंच खायचंय आणि सगळ्या बोलभर तेच लागतं.

बाटलीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ लिहिलेलं पाहिजे. ‘पोमेस’ म्हणजे ऑलिव्हचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून काढून रिफाइन केलेलं तेल, ते फोडणीला, तळणाला ठीक, त्याला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. ‘लाइट’चंही तसंच, त्यात कॅलरी कमी नसतात, चव कमी असते. गडद काचेची लहान बाटली घ्या, गॅसपासून लांब अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि लवकर संपवा. चांगलं तेल घशाला किंचित तिखट लागतं, ते खराब झाल्याचं लक्षण नाही.

अगदीच नसेल तर सूर्यफुलाचं रिफाइंड तेल घ्या आणि त्यात चार ऑलिव्ह बारीक कुटून घाला, एक दिवस भागतं.

काकडी-टोमॅटोचं पाणी सुटून सगळं पाणचट होतं, काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि उपाय सगळ्यात सोपा. काकडी उभी कापा, चमच्याने मधल्या बिया खरवडून काढा, अर्ध्या इंचाचे तुकडे करा, अर्धा छोटा चमचा मीठ लावून चाळणीत १५-२० मिनिटं ठेवा. खाली वाडग्यात केवढं पाणी जमा होतं ते बघाल तर पटेल, हे सगळं एरवी तुमच्या ड्रेसिंगमध्ये गेलं असतं. मग हाताने हलकं दाबा आणि कापडावर टिपून घ्या. काकडी मऊ नाही पडत, उलट जास्त कुरकुरीत लागते.

टोमॅटोचं जरा वेगळं. चेरी टोमॅटो असतील तर अर्धे करून थोडं मीठ लावून ठेवा, नेहमीचे असतील तर कडक लालभडक निवडा, चार फोडी करून गर बाजूला काढा आणि फक्त बाहेरचा भाग चौकोनी चिरा. पण तो गर फेकू नका! टोमॅटोची खरी चव त्या बुळबुळीत भागातच असते. गाळणीतून दाबून त्याचा रस काढा आणि एक-दोन चमचे ड्रेसिंगमध्ये घाला, उरलेला आमटीत जाऊ दे. गावठी टोमॅटो असतील तर ते आंबट असतात, मग लिंबू थोडं कमी करा.

मीठ लावलेल्या भाज्या वापरताय म्हणजे ड्रेसिंगमध्ये शेवटचं मीठ सगळं एकत्र करून चव बघूनच घाला, कारण ऑलिव्ह आणि फेटाही खारट असतो.

कांदा फार उग्र लागतो.

पातळ उभा चिरा आणि बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं. किंवा व्हिनेगरमध्ये भिजवा, गुलाबी होतो आणि तेच व्हिनेगर ड्रेसिंगला वापरता येतं.

ढोबळी मिरची कच्ची घालायची का भाजून?

हिरवी असेल तर कच्ची, बारीक चिरून. लाल-पिवळी असेल तर भाजूनच, प्लीज. भरताचं वांगं भाजतो तशीच थेट गॅसवर जाळी ठेवून भाजायची, साल सगळीकडून काळं व्हायला पाहिजे, अर्धवट ब्राउन झाल्यावर उतरवलं तर साल निघत नाही. मग पातेल्यात टाकून वर झाकण, दहा मिनिटं तिच्याच वाफेत राहू दे. साल बोटांनी ओढलं की पापुद्र्यासारखं सुटतं. नळाखाली धरून साफ करायचा मोह होतो, तो आवरा, कारण तो धुराचा वास आणि गोड रस पाण्याबरोबर वाहून जातो, राहिले थोडे काळे ठिपके तर राहू देत. त्या मिरचीतून जो लालसर दाट रस पातेल्यात जमतो तो ड्रेसिंगमध्ये ओता.

वांगं आणि झुकिनीसुद्धा घालता येतं, जाड काप करून तव्यावर तेल लावून दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजायचे. झुकिनी कच्ची घालू नका, तीही पाणी सोडते.

फेटा मिळत नाही किंवा परवडत नाही. पनीर चालेल?

नुसतं पनीर घातलं तर फिकं लागतं. फेटा म्हणजे मेंढीच्या दुधाचं, फार तर ३० टक्के शेळीचं दूध मिसळलेलं, मिठाच्या पाण्यात किमान दोन महिने मुरवलेलं ग्रीक चीज. २००२ पासून युरोपात ग्रीसमधल्याच चीजला हे नाव लावता येतं. आपल्याकडे गाई-म्हशीच्या दुधाचं फेटा स्टाइल चीज मिळतं, ते सॅलडला चांगलं आहे.

पनीरला तसं वळण द्यायचं असेल तर आदल्या रात्री सुरुवात करा. अर्धा लिटर पाण्यात दीड मोठा चमचा मीठ घालून उकळून गार करा, त्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, आणि पनीरचे छोटे चौकोन रात्रभर त्यात बुडवून फ्रिजमध्ये. सकाळी टिपून, हाताने ओबडधोबड कुस्करून घाला. फेटाचा तो आंबूस वास नाही येणार पण खारट-आंबट काम होतं.

दुसरा पर्याय मला त्याहून आवडतो, चक्का. लेबनॉन-सीरियाकडे मीठ घातलेलं दही टांगून ‘लबने’ करतात, तो आपला चक्काच, फक्त तिकडे त्याचं श्रीखंड होत नाही. पाव किलो चक्क्याला अर्धा छोटा चमचा मीठ, पुन्हा फडक्यात घट्ट बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगून ठेवा, सकाळी गोळ्या वळा, वर ऑलिव्ह ऑइल आणि पुदिना. या गोळ्या वाढताना वरून ठेवायच्या, आत कालवल्या तर सगळं सॅलड दह्यातलं होऊन जाईल. तयार चक्का डेअरीत मिळतो, साखर घातलेला नाही ना ते विचारून घ्या.

शाकाहारी लोकांना चीज चालतं का?

बघून घ्या. काही चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते एन्झाइम असतं, इटलीच्या खऱ्या पार्मेजानो रेज्जानोमध्ये तर ते असतंच, नियमच आहे तसा. ग्रीक फेटातही बऱ्याचदा असतं. भारतात पॅक केलेल्या चीजवर हिरवा ठिपका असेल तर निर्धास्त घ्या. परदेशात राहत असाल तर लेबलवर ‘व्हेजिटेरियन’ किंवा ‘मायक्रोबियल रेनेट’ शोधा.

ऑलिव्ह काळे घ्यायचे की हिरवे? मला तर ते कडू-खारट लागतात.

झाडावरचं कच्चं ऑलिव्ह खाऊन बघितलं तर थुंकून टाकाल एवढं कडू असतं, म्हणून ते मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवतात. पिझ्झावर असतात त्या काळ्या चकत्या म्हणजे बहुधा कच्चीच ऑलिव्ह, क्षाराच्या पाण्यात आणि हवेवर काळी केलेली, त्यांना चव अगदी बेताची. जांभळट, बदामी आकाराची कलामाता मिळाली तर ती घ्या, ग्रीसच्या कलामाता शहराच्या नावाची, तिला फळासारखी आंबट-गोड झाक असते. ती महाग वाटली तर हिरवी, बियांसकट असलेली घ्या. बियांसकट असलेली जास्त चवदार असतात, सुरीच्या पात्याने दाबली की बी सुटते.

खारट वाटतात तर दहा मिनिटं साध्या पाण्यात भिजवा. आणि एक सहज सांगायचं म्हणजे ऑलिव्ह आता भारतातही होतं, राजस्थानात बिकानेरजवळ लूणकरणसरला त्याच्या बागा आहेत.

बेसिलऐवजी तुळस चालते का?

नाही. आपली तुळस वेगळी, तिला लवंगेसारखा तिखट वास असतो, चार पानांत सॅलड काढ्यासारखं लागायला लागतं. पण ज्याचं बी फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचाच भाऊ, एकाच जातीतला, त्याची कोवळी पानं थोडी घालून बघा, वास जरा बडीशेपेकडे जातो पण चालतो. इटालियन बेसिलचं बी आणून कुंडीत लावलं तर आपल्याकडे छान येतं, फुलांचे तुरे खुडत राहायचे म्हणजे पानं येत राहतात. पानं सुरीने चिरली की काळी पडतात म्हणून ऐनवेळी हाताने फाडून घाला. बेसिल नसेल तर पुदिना हा एकदम बरोबर पर्याय आहे, ग्रीस, तुर्कस्तान, लेबनॉन सगळीकडे सॅलडमध्ये असतो.

ओरेगॅनोबद्दल एक. पिझ्झाबरोबर येते ती पुडी ‘ओरेगॅनो सीझनिंग’ असते, त्यात मीठ, मिरची, लसूण पावडर असं बरंच काही असतं. सॅलडला नुसता ओरेगॅनो घ्या.

मेयोनीज घातलं तर?

मग ते वेगळं सॅलड होईल. त्याला नावं ठेवत नाही, पण ऑलिव्ह ऑइल, फेटा, टोमॅटो असताना मेयो घातलं की या सगळ्यांच्या चवी झाकल्या जातात.

श्रावणात कांदा-लसूण न घालता होईल का?

अगदी छान होतं. लसणाऐवजी लिंबाची पिवळी साल किसून ड्रेसिंगमध्ये घाला, फक्त पिवळा भाग, पांढरा कडू असतो. कांद्याच्या जागी कुरकुरीत काहीतरी पाहिजे म्हणून सेलरी किंवा कोवळा मुळा पातळ चिरून. केपर्स मिळाले तर एक चमचा, ते फुलांच्या कळ्यांचं लोणचं असतं आणि त्यात लसूण सहसा नसतो, लेबल मात्र वाचा.

पोटभरीचं कसं करायचं?

काबुली चणे हे पहिलं उत्तर, रात्रभर भिजवून कुकरमध्ये मीठ घालून शिजवलेले, डब्यातल्यापेक्षा चवीला दसपट चांगले. राजमा, चवळीही चालते. अंडी उकडून. मासे खाणाऱ्यांनी ट्यूना घालावा, तो तेलातला असेल तर ते तेलही वापरा. कोळंबी आवडत असेल तर मिठाच्या उकळत्या पाण्यात फक्त गुलाबी होईपर्यंत, लगेच काढून गार करून लिंबू पिळून. मूठभर भाजलेले अक्रोड किंवा काजू वरून, आधी घालून ठेवले तर मऊ पडतात.

सनड्राइड टोमॅटो घरी होतात का?

होतात, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वाळवणं घालतातच की. लंबगोल टोमॅटो अर्धे करून, बिया काढून, मीठ लावून जाळीच्या कापडाखाली कडक उन्हात दोन-चार दिवस, रात्री आत. हवा दमट असेल, मुंबई-कोकणात असते तशी, तर बुरशी येते, तिथे ओव्हनमध्ये १०० डिग्रीवर तीन-चार तास ठेवणं बरं. मऊसर राहिलेले टोमॅटो लसणाबरोबर तेलात घालून बाहेर कपाटात ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि अशा ठिकाणी बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, तो आजार जिवावर बेततो. फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल? डब्यात नेता येईल?

चालेल म्हणजे काय, ड्रेसिंग मुरल्यावर उलट जास्त छान लागतं. फ्रिजमध्ये तीन दिवस बिनघोर. पण बेसिल, काकडी आणि चीज त्याच दिवशी घाला.

बाहेर ठेवण्याबद्दल मात्र कडक राहा. पास्ता आणि भात शिजवल्यावर गरम हवेत पडून राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात, त्यांचे बीजाणू उकळून मरत नाहीत आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. साधारण नियम असा की बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. नागपूर-अकोल्याचा मे महिना असेल तर समजून घ्या. ऑफिसला न्यायचं तर रात्रीच फ्रिजमध्ये गार करून स्टीलच्या डब्यात, इन्सुलेटेड पिशवीत आइस पॅक घालून, आणि पोचल्यावर ऑफिसच्या फ्रिजमध्ये. मुलांच्या शाळेत फ्रिज नसतो, म्हणून उन्हाळ्यात शाळेच्या डब्याला हे देऊ नका.

डायबेटिस आहे, खाल्लं तर चालेल का?

ड्युरम पास्ता मुळात पांढऱ्या भातापेक्षा हळू पचतो, आणि गार केल्यावर त्यातला थोडा स्टार्च रेझिस्टंट होतो म्हणजे पूर्ण पचत नाही. पण याने पास्ता काही औषध होत नाही. पास्ता निम्मा करा, भाज्या-चणे दुप्पट करा, आणि किती खायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

ग्लुटेन चालत नाही, मग?

तांदळाचा किंवा मक्याचा पास्ता मिळतो पण तो फ्रिजमध्ये खडखडीत होतो, करून लगेच खायचा. त्यापेक्षा अख्खी ज्वारी रात्रभर भिजवून कुकरला मऊ शिजवा आणि बाकी सगळं हेच घाला, ज्वारीला छान चावरेपणा असतो आणि ती गार झाली तरी बिघडत नाही.

२० माणसांची पार्टी आहे, किती करू?

बाकी पदार्थ असतील तर माणशी ५० ते ६० ग्रॅम सुका पास्ता, म्हणजे एक ते सव्वा किलो. एका पातेल्यात सगळा नका शिजवू, दोन-तीन घाण्यांत करा. ड्रेसिंग वरच्या मापाच्या पाचपट करा पण मीठ आणि लसूण आधी चौपटच घाला, मग चव बघा.

फ्रिजमधून काढलं तर तेल पांढरं गोठलेलं आणि चव एकदम गेलेली.

ऑलिव्ह ऑइल थंडीत गोठतं, खराब नाही झालं. वाढायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, राखून ठेवलेलं ड्रेसिंग घाला आणि चव बघून लिंबू आणि चिमूटभर मीठ. गारठ्यात जिभेला मीठ कमीच कळतं. राखून ठेवायला विसरलात तर एक चमचा तेल, अर्धा चमचा लिंबू, काम झालं.

ऑलिव्हच्या बाटलीतलं पाणी फेकायचं का?

अजिबात नाही. पनीर मुरवायला तेच वापरा, वेगळं मीठ नको. किंवा ड्रेसिंगमध्ये मिठाऐवजी एक मोठा चमचा घाला, चणे शिजल्यावर त्यांना लावा. सनड्राइड टोमॅटोच्या बाटलीतलं तेलही तसंच, फ्रिजमध्ये असेल तर पुढच्या सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये ऑलिव्ह ऑइलऐवजी दोन चमचे घाला.